मदत हवी आहे: जुन्या काट्या-चमच्यांवरचा रंग आणि वर्ख टिकत नाही

काटेचमचे:
जुन्या बाजारातून घेतलेल्या काटे, चमचे आणि सुऱ्यांच्या दांड्या मी रंगवत आहे व त्यांच्या टोकांना सोनेरी वर्ख लावत आहे. रंग नखाने सहज सुटतो आणि वर्ख थोड्याच दिवसांत हिरवट-काळपट पडतो. संच लवकरच भेट द्यायचे आहेत, म्हणून नेमका उपाय सांगावा. व्हिडिओ पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

रंगारी:
धातू कोणता, रंग कोणता, खाली प्रायमर दिला होता का आणि चमचे जेवणात वापरायचे आहेत की भिंतीवर लावायचे आहेत, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

काटेचमचे:
धातू स्टीलच असणार. काहींच्या मागे ‘ईपीएनएस’ असा ठसा आहे. रंग अ‍ॅक्रिलिक असून तो थेट लावला आहे. चमचे अर्थातच जेवणासाठी आहेत.

जुनेतेसोने:
ईपीएनएस म्हणजे स्टील नव्हे. तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चढवलेला तो चांदीचा मुलामा आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले होते. असल्या वस्तूला रंग फासणे मला पटत नाही. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर चमचे ठेवून खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतावे, म्हणजे काळवंडलेली चांदी उजळेल.

रंगारी:
चांदी उजळण्याचा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. मुलाम्याचे चमचे बाजूला ठेवून केवळ स्टीलचे रंगवावेत. दांडी साबणाने धुऊन, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आणि स्पिरिटने पुसून मग धातूचा प्रायमर द्यावा. गुळगुळीत स्टीलवर नुसते अ‍ॅक्रिलिक धरत नाही. तोंडात किंवा अन्नात जाणाऱ्या भागापासून रंग आणि वर्ख दोन्ही दूर ठेवावेत.

भट्टीप्रेमी:
एवढा खटाटोप कशाला? भाजून पक्के होणारे इनॅमल रंग वापरावेत आणि सगळा संच ओव्हनमध्ये ठेवावा. माझे कॉफीचे मग असेच टिकले आहेत.

रंगारी:
तुमचे ते मग चिनी मातीचे असतील. जुन्या सुऱ्यांच्या मुठी पुष्कळदा पोकळ असतात आणि आत राळेसारखा भराव असतो. तो तापून फुगला की मूठ उकलते किंवा पाते सुटते. तुमचा सल्ला निदान सुऱ्यांना तरी लागू करू नये.

हौशी:
मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावला तर? तो खाल्लेलाही चालतो.

जुनेतेसोने:
तोही काळा पडेल, चांदीच ती. धागाकर्त्यांचा सोनेरी वर्ख बहुधा तांबे-जस्ताचा, म्हणजे पितळेचाच आहे. हवा आणि बोटांचा घाम लागला की तो असाच रंग बदलतो. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा (शुद्ध केलेल्या लाखेचा) पातळ हात द्यावा. खरा सोन्याचा वर्ख काळवंडत नाही, पण तो इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

रंगारी:
चपडी कढत पाण्याने पांढरी पडते. रोज धुतल्या जाणाऱ्या चमच्यांवर सॉल्व्हंटवर आधारलेले वॉर्निशच बरे. तरीही ते हातानेच धुवावेत आणि पाण्यात भिजत ठेवू नयेत.

काटेचमचे:
सुऱ्या आणि ईपीएनएस वगळतो. वर्खाखालचा गोंद किती वेळ वाळू द्यावा, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

रंगारी:
गोंद कोणता, हे तुम्ही अजूनही लिहिलेले नाही. पाण्याचा असेल तर साधारण अर्ध्या तासात तयार होतो, तेलाचा असेल तर काही तास लागतात. बोटाच्या पेराची मागची बाजू हलकेच टेकवून पाहावी; सुटताना बारीकसा आवाज आला आणि गोंद बोटाला लागला नाही, तर वर्ख ठेवावा.