मदत हवी आहे: खनिज शोधणाऱ्या छोट्या कंपनीची तब्येत कशी तपासावी?

नमस्कार मंडळी. लातूरच्या आमच्या गुंतवणूक अभ्यासगटात ऑस्ट्रेलियात नोंदलेली एक छोटी सोनं-शोध कंपनी अभ्यासाला घेतली आहे. विक्री शून्य, त्यामुळे पी-ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) वगैरे निरुपयोगी. पैसा किती महिने पुरेल, हाच खरा प्रश्न.

सोयीसाठी आकडे गोल केलेत. रोख १८ लाख डॉलर, तिमाही खर्च ६.५ लाख: कार्यालय २, ड्रिलिंग ४.५. तिमाही अहवालाच्या अपेंडिक्स ५बी मध्ये (ऑस्ट्रेलियन शेअर बाजाराचा रोख-प्रवाहाचा तक्ता) पैसा किती तिमाही पुरेल ते छापलेलं असतं, त्या हिशोबाने पावणेतीन. पण तिथे देणी वजा होत नाहीत! ५ लाखांची देणी काढली की उरतात जेमतेम दोन. शिवाय ड्रिलिंग चालू खर्चाऐवजी मालमत्तेत धरलं तर तो खर्च गुंतवणुकीच्या रोख प्रवाहात जातो. फक्त कामकाजाचा प्रवाह पाहणारा हमखास फसतो.

शेअर १२ कोटी. वॉरंटचा (ठरलेल्या भावाने नवा शेअर घेण्याचा हक्क) ठरलेला भाव १५ सेंट, शेअरचा बाजारभाव ८, म्हणजे तिकडून पैसा येणार नाही. ७ सेंटने २१ लाख उभारले तर ३ कोटी नवे शेअर, जुन्यांचा वाटा ८० टक्क्यांवर.

आता अडलंय ते असं. खनिज शोधण्याचा परवाना टिकवण्यासाठीचा किमान खर्च ताळेबंदात देणं म्हणून दिसत नाही, फक्त टिपणात असतो. तो रोखीतून पुरता वजा करावा, की काही परवाने सोडून देतील असं धरावं? आणि ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरलेला ९० लाखांचा ‘शोध-खर्च’ मूल्यांकनात शून्य धरता का? खाणक्षेत्राचे ताळेबंद वाचणाऱ्यांनी कृपया सांगावं.