मदत हवी आहे: एका पंपावर पेट्रोल १०४ अन् दुसऱ्यावर ११२, असं कसं काय? ड्रायव्हरवर संशय घेऊन बसलोय

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी, इथं गाडीवाले अन् पंपावर काम केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझा टॉवेलचा छोटा धंदा आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल उचलायचा आणि पुणे, विजापूर, कधीमधी हैदराबादच्या पार्टीला पोचवायचा. गाडी पेट्रोलवरचा छोटा हत्ती. ड्रायव्हर चार वर्षं झाली एकच आहे. तो वाटेत कुठं पेट्रोल टाकेल तिथली पावती आणून देतो, मी महिनाअखेरीला गठ्ठा घेऊन बसतो आणि खरं सांगायचं तर नुसती खालच्या आकड्यांची बेरीज मारतो, बाकी काही बघत नाही.

ह्या महिन्यात हिशोबाला आमच्या मंडळी (बायको) बसल्या. त्यांनी पहिल्यांदा रेट बघितला. सात रस्त्याकडच्या पंपाची पावती १०४ रुपये ६० पैसे, होटगी रोडची त्यापेक्षा थोडे पैसे इकडंतिकडं, विजापूरच्या वाटेवर नदीपलीकडची दीड-दोन रुपये कमी, आणि पुणे हायवेला टेंभुर्णीच्या पुढं एक पंप आहे त्याची पावती ११२ रुपये १० पैसे! त्या पंपावर महिन्यात तीनदा २०००-२००० चं पेट्रोल टाकलंय. बाकीच्या दोन पावत्या डॅशबोर्डवर ठेवल्या होत्या म्हणे, आपल्या इथलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, कागद काळा ठिक्कर, काही वाचता येत नाही.

मी तर समजत होतो की रेट सरकार ठरवतं आणि सगळीकडं एकच असतो. मग साडेसात रुपये फरक कसा? ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो मालक मला काय माहीत, २००० चं टाका म्हणालो, टाकलं. मला वाटलं ह्याचं अन् पंपावरच्या पोराचं काहीतरी साटंलोटं असणार, रागाच्या भरात पगारातून ४०० रुपये कापले. आता रात्री झोप लागेना. पंपवाला मनाला येईल तो रेट लावू शकतो का? का पावतीच खोटी आहे?

बाळीवेस:
लावतात की. हायवेचा पंप म्हणजे लूटच, रात्री गाडी रिझर्व्हला आली की माणूस जाणार कुठं. धाब्यावर पाण्याची बाटली महाग मिळते तसंच हे.

जुना पंपवाला:
बाळीवेसकर, असं नाही हो. मी बार्शी रोडच्या एका पंपावर नऊ वर्षं मॅनेजर होतो, आता सोडलं. सरकारी कंपनीच्या पंपमालकाच्या हातात रेट अजिबात नसतो. त्याला लिटरमागं ठरलेलं कमिशन मिळतं, ते कंपनी ठरवते, ऑक्टोबर २०२४ मध्ये पेट्रोलला ६५ पैसे आणि डिझेलला ४४ पैसे वाढवून दिलं तेवढंच. वरचे दहा पैसेसुद्धा त्याच्या खिशात जात नाहीत. सकाळी सहाला नवीन रेट लागू होतो, १६ जून २०१७ पासून रोज बदलायची पद्धत आली तेव्हा आम्ही पहाटे उठून मशीनमध्ये आकडा भरायचो, नंतर ऑटोमेशन आलं तेव्हापासून कंपनीकडूनच थेट मशीनमध्ये येतो.

आणि टॉवेलवाले साहेब, सरकार रेट ठरवतं हे पण आता खरं नाही, निदान कागदावर तरी. पेट्रोल २०१० ला मोकळं केलं, डिझेल २०१४ ला. ठरवते कंपनी. पण तीन सरकारी कंपन्या एकमेकींकडं बघूनच चालतात म्हणून गावात सगळीकडं सारखंच दिसतं.

आता सात रस्ता आणि होटगी रोडचा पैशातला फरक. आपल्या इथं तेल पाकणीच्या डेपोतून येतं, मुंबई-पुण्याकडून पाइपलाइन थेट पाकणीपर्यंत आली आहे. तिथून टँकर पंपावर जातो. डेपोपासून पंप किती किलोमीटर त्यावर भाडं, ते रेटमध्ये धरलेलं असतं. म्हणून एकाच कंपनीच्या दोन पंपांवर काही पैशांचा फरक असू शकतो, त्यात लबाडी काही नाही. परभणीवाले कायम ओरडत असतात ना, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल आमच्याकडंच म्हणून, तर त्यांचं तेल लांब मनमाडकडून येतं. राजस्थानात श्रीगंगानगरचं पण तेच रडगाणं. वर आपला व्हॅट टक्केवारीत, पेट्रोलला २५ टक्के आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे, म्हणजे खालची किंमत जरा चढली की टॅक्सही तिच्याबरोबर चढतो.

पण हे सगळं पैशातलं झालं, नाहीतर फार तर थोड्या रुपयांचं. टेंभुर्णीला साडेसात रुपये भाड्यानं होत नाहीत. तिथं दुसरं काहीतरी आहे.

भीमाकाठ:
नदीपलीकडच्या पावतीचं मी सांगतो, माझं रोजचं जाणं-येणं आहे. टाकळीचा पूल ओलांडला, धुळखेड आलं की कर्नाटक, म्हणजे टॅक्स त्यांचा. पूर्वी चांगला चार-पाच रुपयांचा फरक पडायचा, आमच्या इकडची पोरं मोटरसायकलवर कॅन बांधून जायची (कॅनमध्ये आणू नका रे, एकाचे पाय भाजलेले बघितलेत मी). मग जून २०२४ ला कर्नाटकानं पेट्रोलवरचा टॅक्स २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला, तीन रुपये एका रात्रीत वाढले आणि मजा गेली. डिझेलचं पण तसंच, तेव्हा वाढलं आणि परत एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्के केलं, त्यानंतर डिझेलसाठी पूल ओलांडण्यात दम राहिला नाही. पेट्रोलला दीड-दोन रुपये वाचतात, जाताच असाल तर तिथं टाका, मुद्दाम जाऊ नका.

हैदराबाद लाईन:
हैदराबादच्या ट्रिपला उलटं करायचं मालक. तेलंगणाचा पेट्रोलवरचा व्हॅट ३५.२ टक्के, तिथं आपल्यापेक्षा महाग. आम्ही येता-जाता हुमनाबादला टाकी फुल करतो, जहीराबाद लागायच्या आत. ड्रायव्हरला सांगून ठेवा.

टॉवेलवाला:
पाकणीचं माहीतच नव्हतं, रेल्वेतून जाताना टाक्या बघितल्यात पण डोक्यात नाही आलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला ना, टेंभुर्णी काय कर्नाटकात नाही अन् परभणीच्या पलीकडं पण नाही.

जुळे सोलापूर:
पंप कुठल्या कंपनीचा आहे ते बघा आधी. नाव इथं लिहू नका, फक्त सरकारी का प्रायव्हेट एवढं सांगा. प्रायव्हेटवाल्यांना सरकारीच्या रेटला बांधून राहायची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२३ ला शेलनं मुंबईत डिझेल १३० च्या आसपास नेलं होतं, तेव्हा सरकारी पंपावर ९४ होतं! एका लिटरला पस्तीस रुपयांच्या वर फरक, एकाच शहरात. कारण काय तर सरकारी कंपन्यांनी एप्रिल २०२२ पासून रेट गोठवल्यासारखे केले होते, कच्चं तेल वर गेलं तरी हलवत नव्हत्या, त्या तोटा सोसू शकतात, प्रायव्हेटवाला कशाला सोसेल. उलटं पण झालंय हं, २०२३ च्या जूनमध्ये नायरानं सरकारी पंपापेक्षा एक रुपया कमीनं विकलं होतं, आपल्या महाराष्ट्रात पण. म्हणजे प्रायव्हेट म्हणजे महागच असंही नाही, बोर्ड बघून आत शिरायचं.

कुमठा नाका:
अमेरिकेत तर प्रत्येक पंपवाला आपापला रेट लावतो. माझा चुलतभाऊ तिकडं आहे, तो म्हणतो एका चौकात समोरासमोर दोन पंप आणि दोघांचे बोर्ड वेगळे, लोक फोनवर ॲपमध्ये बघून स्वस्त पंपाला जातात. हायवेच्या उताराजवळचा महाग, आतल्या वस्तीतला स्वस्त. ज्याचं दुकान जोरात चालतं तो पेट्रोल कमी नफ्यात विकतो, कारण खरी कमाई कॉफी अन् वेफर्सवर. काही ठिकाणी रोख दिले तर कमी, कार्डानं दिले तर जास्त. फ्लोरिडात ऑरलँडो एअरपोर्टजवळचे पंप तर ह्यासाठीच बदनाम, भाड्याची गाडी टाकी भरून परत द्यायची असते, विमान गाठायची घाई, टुरिस्ट बोर्ड बघतच नाही. बाळीवेसकर म्हणतात ती धाब्याची गोष्ट तिकडं खरी आहे, आपल्याकडं नाही.

बाळीवेस:
बरं बाबा हरलो. पण पाण्याची बाटली महागच मिळते.

टॉवेलवाला:
बघितलं, पंप सरकारी कंपनीचाच आहे. म्हणजे तो पण मुद्दा गेला. आता काय?

जुना पंपवाला:
साहेब पावतीचा फोटो टाका, पंपाचं नाव अन् गाडी नंबर झाकून. नाहीतर रेटच्या आसपास बघा प्रॉडक्ट म्हणून काहीतरी छापलेलं असेल, ते वाचा. नुसतं पेट्रोल किंवा एमएस (मोटर स्पिरिट, म्हणजे साधं पेट्रोलच) आहे का दुसरं काही?

टॉवेलवाला:
चष्मा लावून वाचलं. पेट्रोल असं नाहीच लिहिलेलं, वेगळंच इंग्रजी नाव आहे.

जुना पंपवाला:
सापडलं मग. प्रीमियम टाकलंय तुमच्या गाडीत. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, भारतचं स्पीड, एचपीचं पॉवर, प्रत्येक कंपनीचं एक असतंच, साध्यापेक्षा सहा-आठ रुपये महाग. शंभर ऑक्टेनवालं तर १६० च्या घरात असतं. पावती खरी, रेट खरा, पंपानं कायद्यानं काही चूक केली नाही, फक्त नोझल (पेट्रोल सोडायची नळी) दुसरं लागलं. आणि कुणाच्या लक्षात येत नाही त्याचं कारण म्हणजे आपण सगळे गोल आकड्यात भरतो. २००० म्हटलं की माणूस शून्य बघतो, २००० आले का बघतो, संपलं. मधला रेटचा आकडा कोण बघतंय. हिशोब करा, १०४.६० नं २००० चे १९ लिटरच्या थोडं वर येतं, ११२.१० नं १८ पण पूर्ण होत नाही. सव्वा लिटर गेलं एका खेपेला.

होटगी रोड:
पण प्रीमियमनं ॲव्हरेज वाढतं म्हणतात ना? मी बुलेटला कधीकधी टाकतो.

जुना पंपवाला:
टाका की, गाडीला वाईट नाही. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपलं आपण वेळेआधी पेटू नये, इंजिन ठोके मारू नये, त्याचं ते माप. ज्या इंजिनाला कंपनीनं ९५ सांगितलंय त्यानं घालावं. छोट्या हत्तीला टॉवेल वाहायला काय करायचंय ते. आणि साध्यात आता २० टक्के इथेनॉल असतंच, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं, तेवढं ऊसवाल्यांचं भलं करा.

शेळगीकर:
पुढच्या वेळेसाठी सांगतो. गाडीतून खाली उतरायचं. नोझलवर किंवा मशीनवर नाव लिहिलेलं असतं ते बघायचं, आधी "साधं टाक" म्हणायचं, मग पैसे सांगायचे, मग शून्य बघायचं. रेटचा संशय आला तर पंपाचा डीलर कोड टाकून कंपनीला एसएमएस केला की त्या पंपाचा आजचा रेट येतो, कोड पंपावर लिहिलेला असतो. आणि माप कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचा हक्क आहे, पंपावर ठेवावंच लागतं, पाच लिटरला २५ मिलीपर्यंत मागंपुढं चालतं, त्यापेक्षा कमी भरलं तर वैधमापनवाल्यांकडं (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) तक्रार.

हैदराबाद लाईन:
खाली उतरायचं ठीक आहे पण रात्रीच्या दोनला, सहा तास गाडी हाणून आलेला माणूस, त्याला काय नोझलचं नाव दिसणार हो. रोज वेगळा पंप नको, दोन पंप ठरवून द्या त्याला, एक मोहोळच्या अलीकडं अन् एक पुण्याच्या बाजूला.

टॉवेलवाला:
आत्ता ड्रायव्हरशी बोललो. मी नोझलचं विचारल्यावर त्याला आठवलं. म्हणतो मालक, त्या पंपावर साध्याच्या मशीनला कायम लाईन असते, पलीकडचं मोकळं असतं, तिथलं पोरगं हात करून बोलावतं इकडं घ्या इकडं घ्या. तीनही वेळा तसंच झालं. त्याला वाटलं लाईन कमी आहे, बरं झालं, गाडी लवकर निघेल. प्रीमियम-बिमियम त्याला माहीतच नव्हतं. आणि मला तरी आज दुपारपर्यंत कुठं माहीत होतं.

तीन खेपांचा मिळून नुकसानीचा आकडा काढला तर ४०० च्या आसपासच येतो, म्हणजे मी अंदाजानं कापले ते बरोबर तेवढेच निघाले, ह्याला काय म्हणावं.

भीमाकाठ:
आकडा बरोबर, माणूस चुकला. परत द्या पैसे.

टॉवेलवाला:
दिले. संध्याकाळी गाडी लावायला आला तेव्हा चहा घे म्हणालो आणि ४०० हातात ठेवले, म्हणालो माझी चूक झाली. त्यानं दोनदा मोजले, चार नोटा होत्या. मग गाडीतून एक प्लॅस्टिकची डबी काढून दाखवली, शेंगाचटणीची रिकामी, त्यात कालची विजापूरची पावती घडी करून ठेवली होती. म्हणाला आता ह्यातच ठेवतो, काळी पडणार नाही.