अर्धापूरच्या केळीचे तोस्तोनेस जमतील का? आणि ब्रेडफ्रूट म्हणजे काय?

अर्धापूरची आई:
माझं लेकरू कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर मेडिकलला शिकायलंय. दिवाळीला येणार आहे. फोनवर सारखी तिथल्या ऑइल डाउनची, म्हणजे ब्रेडफ्रूट घालून नारळाच्या दुधात शिजवलेल्या जेवणाची, आणि पोर्टो रिकोच्या दोस्ताकडं खाल्लेल्या तोस्तोनेसची, म्हणजे कच्च्या केळीच्या चपट्या तळलेल्या कापांची, आठवण काढतंय. घरची केळीची बाग आहे, म्हणून परवा कच्ची केळी जाड कापून तळली. वरून लाल झाली, आत पिठाळ राहिली. चपटी करायला गेले तर चुरा झाला. केळी चुकली का माझी रीत? आणि ब्रेडफ्रूट म्हणजे आपला फणसच का?

वसमतचा कुक:
ताई, मी सहा वर्षं क्रूझच्या जहाजावर किचनमध्ये होतो, ही बेटं त्यातच पाहिली. रीत चुकली. तोस्तोनेस दोनदा तळतात. तिकडं प्लँटेन वापरतात, म्हणजे भाजीचं केळं. ते आपल्या केळीपेक्षा कोरडं नि पिठाळ असतं. आपलं केळं चालतं, पण ज्या दिवशी घड उतरवला त्याच दिवशी घ्या, गर्द हिरवं. एकदा पिवळसर झाक आली की तळताना लगदा होतो.

हाताला तेल लावा, नाहीतर चिकानं बोटं काळी पडतात. सालीला उभ्या चिरा देऊन साल काढा, बोटभर जाडीचे तुकडे करा. मध्यम आचेवर आतपर्यंत मऊ होऊ द्या, पण रंग फिक्का पिवळाच ठेवा. गरम असतानाच तेल लावलेल्या वाटीच्या बुडानं दाबा. तुम्ही बहुतेक लाल होईपर्यंत थांबलात आणि मग दाबलंत, म्हणून चुरा झाला. दाबलेले तुकडे लसूण ठेचून घातलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढा, फडक्यावर कोरडे करा. मग तेल चांगलं तापवून पुन्हा तळा. पाणी राहिलं तर तेल उडतं, जपून.

असेच तळलेले तुकडे लसूण आणि चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी, घालून लाकडी खलबत्त्यात कुटले की मोफोंगो. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सकाळी मांगू असतं. उकडलेली केळी त्याच पाण्यात घोटायची, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. मला सगळ्यात हेच आवडायचं, भाकरीसोबत आजही करतो.

ब्रेडफ्रूट फणसाच्या कुळातलं, पण फणस नव्हे. कोकणात त्याला नीरफणस म्हणतात. गरे नसतात, आतला पांढरा गर भाजला की पाव नि बटाट्याच्या मधली चव येते. जमैकात अख्खं फळ जाळावर साल काळी होईपर्यंत भाजतात, आपण भरिताचं वांगं भाजतो तसं, आणि अकी-सॉल्टफिशसोबत, म्हणजे अकी नावाचं फळ घालून केलेल्या खाऱ्या मासळीसोबत, खातात. हे झाड मूळचं तिथलं नाही. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला ब्रिटिशांनी ते पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून आणलं. १७८९ साली रोपं आणणाऱ्या कॅप्टन ब्लायच्या बाउंटी जहाजावर बंड झालं आणि रोपं समुद्रात गेली. त्याच ब्लायनं पुन्हा रोपं आणून १७९३ साली सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. आज सेंट व्हिन्सेंटमध्ये भाजलेलं ब्रेडफ्रूट आणि तळलेली मासळी हे देशाचं जेवण मानतात. ज्यांच्यावर ते लादलं त्यांच्याच लेकरांनी ते आपलं केलं, याचं मला फार वाटतं.

ऑइल डाउनमध्ये ब्रेडफ्रूट, खारवलेलं मांस, पिठाचे गोळे आणि अळूची पानं असतात. नारळाच्या दुधात हळद घालून सगळं न ढवळता शिजवतात. दूध आटून खाली तेल उरतं, त्यावरूनच नाव. हळदीला तिकडं सॅफ्रन म्हणतात. तुम्ही वसमतची हळद घाला, लेकराला वास लगेच कळेल. अळू मात्र पुरतं शिजवा, घसा खाजतो. ब्रेडफ्रूट नाही मिळालं तर बटाटा घ्या. कच्चा फणस नको, धागे येतात.

कणकवलीची लेक, लातूरची सून:
नीरफणस माहेराहून पावसाळ्यात येतो. आम्ही हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून काप भाजतो. प्रवासात पटकन मऊ पडतो, आला की अख्खाच पाण्यात बुडवून ठेवते, एक-दोन दिवस निघतात.

अर्धापूरची आई:
दादा, आज सकाळी बागेतून हिरवा घड आणला आणि सांगितलं तसं केलं. एकही तुकडा फुटला नाही. लेकराला व्हिडिओ कॉलवर दाखवले, तर म्हणालं, "आई, पहिल्या दिवशी हेच कर."