मदत हवी आहे: सीओपीडी असलेल्या आईसाठी चालण्याचं ॲप

आई ६७ वर्षांची, गाव जुन्नरजवळ. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण तीसेक वर्षं चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली. आता सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. डॉक्टर म्हणतात, इन्हेलर घ्याच, पण चालणं सोडू नका. दम लागतो म्हणून बसून राहिलं की पायातली ताकद जाते आणि मग आणखी कमी चालण्यात जास्त दम लागतो.

म्हणून तिच्या फोनवर पावलं मोजणारं ॲप टाकलं. ते रोज १०,००० पावलं मागतं! (हा आकडा १९६५च्या सुमारास एका जपानी पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय म्हणे, डॉक्टरांनी दिलेला नव्हे.) आई जेमतेम १,२०० चालते. रात्री ‘लक्ष्य अपूर्ण’ दिसलं की बिचारी खट्टू होते. शिवाय साडीला खिसा नाही. फोन पिशवीत, चाल संथ, त्यामुळे निम्मी पावलं मोजलीच जात नाहीत.

कुणाला असं ॲप माहीत आहे का, ज्यात लक्ष्य आपण ठरवू शकू, मिनिटांवर चालेल, मधे थांबलं तरी चालेल आणि दम किती लागला ते ० ते १० मध्ये नोंदवता येईल? मराठीत बोलणारं असेल तर सोन्याहून पिवळं. मनगटावरचा साधा पट्टा संथ चाल नीट मोजतो का? ऑक्सिमीटर घरी आहे, रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबायचं, एवढं आम्हाला सांगितलंय.

घरच्या कुणासाठी वापरलं असेल तर कृपया अनुभव सांगा.