भूतानची 'बोलणारी' तिकिटं: वाजवायची की नुसती जपायची?

सुईदोरा
भूतानने १९७२ साली काढलेल्या बोलणाऱ्या टपाल तिकिटांचा सेट विकायला आलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही तिकिटं म्हणजे खरोखर वाजणाऱ्या छोट्या तबकड्या आहेत. विकणारा म्हणतो, 'सातही आहेत, एकदाही वाजवलेली नाहीत.' फोटो मात्र सगळे समोरून काढलेले.
घेण्याआधी काय काय बघायचं? घरी ऑटोमॅटिक टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आहे, त्यावर चालतील का? आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती टिकवायची कशी?

टपालहंशील
आधी मागच्या बाजूचे फोटो मागवा. ही तिकिटं स्टिकरसारखी आहेत: वर व्हायनल (रेकॉर्डचं प्लास्टिक), खाली चिकट थर आणि त्यावर सोलून काढायचा कागद. किंमत बरीचशी या कागदावर ठरते. कागद सोलून पुन्हा लावला असेल तर कडेला बुडबुडे किंवा सुरकुत्या दिसतात. चिकट थर उष्णतेने पाघळला असेल तर कडेला पिवळसर, धूळ चिकटलेली रेघ दिसते. अशी रेघ असली तर सरळ सोडून द्या, ती साफ करायला गेलं की आवाजाच्या खाचा भरतात.
दुसरा फोटो टेबललॅम्प एका बाजूला, अगदी खाली धरून काढायला सांगा. समोरून फ्लॅश मारला की ओरखडे लपतात, तिरप्या उजेडात केसाएवढी रेघही दिसते. खाचांवर राखाडी पट्टा दिसला तर तबकडी वाजलेली आहे, विकणारा काहीही म्हणो. तिसरा फोटो: तिकीट काचेवर ठेवून कडेच्या पातळीतून. काच आणि कड यांत फट दिसली तर तिकीट वाकलंय.
आणि मोजून घ्या. मापं दोन आहेत, साधारण ७ सें.मी. आणि १० सें.मी. 'पूर्ण सेट' म्हणून सहाच हातात पडतात, असं होतं. कॅटलॉगमध्ये कुठे १९७२ तर कुठे १९७३ साल दिसेल, त्यावरून खरं-खोटं ठरवू नका.

खरखर
टर्नटेबलचं मी सांगतो. ऑटोमॅटिकवर चालणार नाही, आणि कारण गमतीशीर आहे. एलपीच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डच्या, मधल्या कागदी लेबलचा व्यास १० सें.मी. असतो. म्हणजे तुमचं मोठ्यात मोठं तिकीट त्या लेबलवर जेमतेम मावेल एवढं! एलपीवर जिथे गाणं संपलेलं असतं, त्याच्याही आत तिकिटाचं गाणं सुरू होतं. टोनआर्म (सुई धरणारा हात) तिथवर आला की मशीनला वाटतं रेकॉर्ड संपली, आणि ते हात उचलून परत नेतं. काही मॉडेलांत ऑटो-स्टॉप बंद करायचं बटण असतं, तेवढ्याने भागू शकतं. नाहीतर पूर्ण मॅन्युअल टर्नटेबल हवं. तिथेही वीज बंद ठेवून टोनआर्म हाताने स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) दिशेने नेऊन बघा. काहींचा हात आतल्या बाजूला कशाला तरी अडतो.
वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. सुई एलपीची, दाब दीड ते दोन ग्रॅम. पेटीवजा स्वस्त प्लेअर नको. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) दाब पाच-सहा ग्रॅम असतो. तिकीट उडतंय म्हणून टोनआर्मवर नाणं ठेवायची जुनी युक्तीही नको. चावीच्या ग्रामोफोनचं तर नावच काढू नका. पोलादी सुई आणि साउंडबॉक्सचं (सुई बसवलेल्या डबीचं) शंभर ग्रॅमच्या वरचं वजन, एका फेरीत व्हायनलचा भुगा.
आता बसवायचं कसं. टर्नटेबलच्या बऱ्याच रबरी मॅटना मध्ये लेबलपुरता खळगा असतो. मोठं तिकीट त्या खळग्याच्या काठावर चढून तिरकं बसतं. सपाट फेल्टची मॅट घ्या. पण फेल्टवर एवढी हलकी तबकडी सुईच्या ओढीने घसरते आणि सूर रडका होतो. मध्ये पातळ रबराचा गोल तुकडा ठेवा, घट्ट झाकणं उघडायला स्वयंपाकघरात जाळीदार रबर वापरतात तसला. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप अजिबात नको, काढताना मागचा कागद फाटेल.

तिरपांगडा
एवढा खटाटोप करून ऐकू काय येतं? तिकीट आहे का खेळणं? त्या काळच्या जाणत्या संग्राहकांनी असल्या तिकिटांकडे नाक मुरडलं होतं ते उगाच नाही.

टपालहंशील
@तिरपांगडा, नाक मुरडलं हे खरं. पण टपालासाठी ती अधिकृत होती. भूतानची टपालसेवा १९६२ची. रस्ते वगैरे बांधायला पैसा हवा होता आणि जागतिक बँकेकडून कर्ज मिळालं नाही. तेव्हा बर्ट टॉड या अमेरिकन गृहस्थाने तिकिटांतून परकी चलन मिळवायची कल्पना राबवली. ऑक्सफर्डला भूतानच्या भावी राणीशी त्यांची ओळख झाली होती. साधी तिकिटं कोण विकत घेणार? म्हणून १९६७ला त्रिमितीय अंतराळवीर, १९६९ला पोलादी पत्र्यावरची आणि रेशमावरची, १९७३ला सुगंधी गुलाब. तबकड्यांवर राष्ट्रगीत, लोकगीतं आणि इंग्रजी व झोंगखा (भूतानची राष्ट्रभाषा) भाषेत देशाचा थोडक्यात इतिहास. आज भाव चढलाय तो गिऱ्हाईकं दोन प्रकारची झाली म्हणून: तिकीटवाले आणि रेकॉर्डवाले.

खरखर
काय ऐकू येतं ते हिशेबाने सांगतो. ३३⅓ वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची. एलपीच्या बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण ५० सें.मी. व्हायनल सरकतं. लहान तिकिटावर केंद्रापासून ३ सें.मी.वर जेमतेम साडेदहा. तेवढ्याशा जागेत बारीक सूर कोरायला वावच नसतो. शिवाय टोनआर्मचा कोन एवढ्या आतल्या खाचांसाठी जुळवलेला नसतो, म्हणून 'स'कार फाटतात. आवाज फोनवरून आल्यासारखा. सुई बदलून फारसा फरक पडणार नाही, उगाच महागडी घेऊ नका.
माझं मत: न वाजवलेला सेट न वाजवलेलाच राहू दे. ऐकायचंच असेल तर ओरखडे पडलेलं एखादं सुटं तिकीट स्वस्तात घ्या. इंटरनेटवरही रेकॉर्डिंग सापडतं.

सुईदोरा
पटलं. सुट्या तिकिटाचं बघतो. लिफाफ्यावरून कापलेलं मिळालं तर पाण्यात भिजवून सोडवू का?

टपालहंशील
नाही! हा गोंद पाण्याने सुटणारा नाही. भिजवलं की लिफाफ्याचा लगदा होईल आणि चिकट थर तसाच राहील. कडेने सेंटिमीटरभर कागद सोडून कापा आणि लिफाफ्याच्या तुकड्यासकट ठेवा. शिक्का अख्खा असेल तर मग पूर्ण लिफाफाच ठेवा, तो जास्त मोलाचा.
साठवणीचं: पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा. त्यांतलं मऊपणा आणणारं रसायन व्हायनलवर उतरतं आणि वर तेलकट धुकं धरतं. पॉलिएस्टर किंवा पॉलीप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. एकेका पाकिटात एकच तिकीट, आणि गठ्ठा करून वर वजन ठेवू नका, दाबाने चिकट थर कडेतून बाहेर येतो. झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) टाका, मण्यांचा रंग बदलला की ते बदला. डबा माळ्यावर किंवा पत्र्याच्या कपाटात नको, एप्रिल-मेमध्ये तिथेच तिकीट वाकतं. वाकलेलं इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका, खाचाच सपाट होतील.

तिरपांगडा
आपल्या भारताच्या चंदनाच्या वासाच्या तिकिटाला काय करायचं मग? २००६चं. वास गेलाय.

टपालहंशील
चोळून चोळून घालवला असणार. वास सूक्ष्म कुप्यांत असतो, चोळलं की फुटतात, आणि फुटलेल्या पुन्हा भरत नाहीत. वरून अत्तर लावू नका, डाग पडेल. आणि ते या तबकड्यांच्या डब्यात ठेवू नका.