बाळाच्या मेंदूचा एमआरआय सांगितलाय, कोणी केलाय का?

कल्याणची_सूनबाई
२१ वा आठवडा चालू आहे, काल अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही दोष आहे का बघायची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टमध्ये मेंदूतलं डाव्या बाजूचं व्हेंट्रिकल (पाण्याची पोकळी) ११.५ एमएम आलंय, १० च्या आत हवं होतं म्हणे, आता परळला जाऊन फीटल एमआरआय, म्हणजे पोटातल्या बाळाचा एमआरआय, करा सांगितलंय. सासूबाई म्हणतायत पोटातल्या जिवाला मशीनमध्ये कशाला घालायचं. सोनोग्राफीत दिसलंय ना, मग एमआरआयमध्ये वेगळं काय कळणार? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

परळचा_टेक्निशियन
ताई मी डॉक्टर नाही, एमआरआय मशीनवर असतो. यात एक्स-रे नसतो, चुंबक असतो, आणि गरोदर बाईला कॉन्ट्रास्टचं (फोटो ठळक यायला देतात ते) इंजेक्शन सहसा देतच नाहीत. डाव्या कुशीवर झोपवतात, अर्धा-पाऊण तास जातो, ठकठक आवाज खूप होतो. बाळ मध्येच वळलं की तेवढे फोटो परत काढावे लागतात, आमचा निम्मा वेळ त्यातच जातो. आधी बाथरूमला जाऊन या, आणि सेफ्टी पिना विसरू नका हां, मंगळसूत्र सगळ्या काढतात पण पिना राहतातच.

ठाण्याची_आई
माझं १२ होतं!! सोनोग्राफीत पोटावर फिरवतात त्या प्रोबच्या जवळची बाजू कवटीच्या हाडामुळे धूसर दिसते, एमआरआयमध्ये दोन्ही बाजू दिसतात असं आमच्या मॅडमनी समजावलं. मेंदूचे दोन भाग जोडणारा कॉर्पस कॅलोसम आहे का, कुठे रक्तस्राव झालाय का, हे बघायचं असतं. आमचं बाकी सगळं नॉर्मल निघालं, लेक आता पहिलीत आहे आणि डोकं खाते नुसती.

उगाच_सल्ला
सगळ्यांचं तसंच होईल असं नाही ना ताई. २०१६ ला इंग्लंडच्या शेफिल्डवाल्यांचा अभ्यास आला होता, ५७० केसेस, नुसत्या सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बरोबर आणि एमआरआयसकट ९३, म्हणून करून घ्याच. सोबत टॉर्च टेस्ट (इन्फेक्शनसाठी रक्ताची तपासणी) आणि अ‍ॅम्नियोचंही (गर्भजलाची तपासणी) विचारा, कारण इन्फेक्शन किंवा क्रोमोसोमचा प्रॉब्लेम फोटोत दिसेलच असं नाही. आणि घाबरवत नाही, पण तारखा लक्षात ठेवा. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या बदलानंतर २४ आठवड्यांपुढे गर्भपात करायचा तर गंभीर दोष असला तरी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात बघू असं नको.

कल्याणची_सूनबाई
थँक्यू सगळ्यांना. मंगळवारची अपॉइंटमेंट मिळाली. पिनांचं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या मीच येते सोबत, तुझं मंगळसूत्र कोण सांभाळणार.