मदत हवी आहे: व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प चालू करायचाय, दोन स्विचपैकी आधी कोणता?

सहावी_तार
लवकर सांगा, प्लीज. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हातात आलाय. पुढे दोन स्विच आहेत, एकावर पॉवर, दुसऱ्यावर स्टँडबाय. आधी कोणता आणि मध्ये किती वेळ थांबायचं, एवढंच हवंय. आजवर फक्त ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प वाजवलेत. शोधलं तर कोणी ३० सेकंद म्हणतं, कोणी ५ मिनिटं. शनिवारी बँडची प्रॅक्टिस आहे.

गरम_फिलामेंट
आधी पॉवर. स्टँडबाय तसाच ठेवून मिनिटभर थांबा. व्हॉल्व्हच्या आत नारिंगी उजेड दिसला की स्टँडबाय उघडा, त्यानेच व्हॉल्व्हना हाय व्होल्टेज जातं. बंद करताना उलट. थंड कॅथोडवर (व्हॉल्व्हमधला तापणारा भाग) एकदम ४०० व्होल्ट आले की त्याचा लेप उडतो. मी पंधरा वर्षं असंच करतोय, व्हॉल्व्ह छान टिकतात.

शांत_ओहम
लेप उडतो तो मोठ्या ट्रान्समिटरच्या व्हॉल्व्हचा, जिथे हजारो व्होल्ट असतात. गिटार अ‍ॅम्पमधल्या ईएल३४ किंवा ६एल६ या पॉवर व्हॉल्व्हना त्याची भीती नाही. उलट तासन् तास स्टँडबायवर ठेवलं तर कॅथोड तापलेला आणि करंट शून्य, त्याने तो खराब होतो. मिनिटभर थांबा, हरकत नाही, पण तुमचा अ‍ॅम्प त्यावर अवलंबून नाही.
अ‍ॅम्प कोणता? स्पीकर जोडलाय का? किती दिवस बंद होता?

जुना_रेडिओ
शांत_ओहम यांच्याशी सहमत. घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला स्टँडबाय कधी नव्हताच. बटण फिरवलं की थोड्या वेळाने आवाज यायचा. आमच्या रेडिओला हिरवा मॅजिक आय होता, स्टेशन नीट लागलं की त्याची पाकळी मिटायची. अजून कोणाकडे चालू स्थितीत आहे का?

गरम_फिलामेंट
रेडिओचा आणि १०० वॅटच्या हेडचा (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) काय संबंध? रेडिओत तेवढे व्होल्ट नसतात.

सहावी_तार
कृपया वाद नको. हेड आहे, दोन इनपुट, मागे चार मोठे व्हॉल्व्ह. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, माझ्याकडे नाही, शनिवारी तिथलं वापरणार. आज नुसता लावून दिवे लागतात का ते बघतो. मग आधी पॉवर ना?

शांत_ओहम
थांबा. प्लग लावू नका.
स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला स्पीकर नसला तरी सहसा चालतं, त्याला शॉर्ट सोसत नाही. इथे उलट आहे. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. दुय्यम बाजू उघडी राहिली आणि सिग्नल आला, की प्राथमिक बाजूला हजार-दोन हजार व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते. मग सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी हा धोका घेऊ नका.

ताल_बेताल
रात्री हेडफोनवर वाजवायचं असेल तर लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी जोडायचा डबा) घ्या, लाइन आउट थेट रेकॉर्डिंगला जोडता येतो. मी तसंच करतो, शेजाऱ्यांना त्रास नाही.

शांत_ओहम
हेडफोनचं त्यांनी विचारलेलं नाही, तरी एक सांगतो: अ‍ॅम्पवरचा नुसता लाइन आउट हा लोड नव्हे. लोड बॉक्स किंवा स्पीकर, दोन्हींपैकी एक जोडलेला असायलाच हवा.

बेसवाला
कॅबिनेटला तीच गिटारची वायर लावली तर चालते. मी कित्येकदा लावलीये.

गरम_फिलामेंट
नाही चालत. गिटारच्या वायरीतली आतली तार केसासारखी बारीक असते, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. ती तापून तुटली की स्पीकर सुटला, आणि वर सांगितलंय तेच होणार. स्पीकरची वायर वेगळी मिळते, दोन जाड तारांची. आणि कॅबिनेट ८ ओहमचं असेल तर अ‍ॅम्पवर ८ च्या जॅकमध्ये.

सहावी_तार
बरं, हे माहीत नव्हतं. मित्र आज संध्याकाळी १६ ओहमचं कॅबिनेट देतोय. स्पीकरची वायरही मागतो. आता लावू ना?

शांत_ओहम
किती दिवस बंद होता, ते अजून सांगितलं नाहीत. आणि प्लग, फ्यूज, मागची पाटी, सगळं बघून लिहा.

सहावी_तार
मामांकडे माळ्यावर होता, दहा-बारा वर्षं तरी. ते बाहेरदेशी असताना वाजवायचे. मागे एक गोल बटण आहे, ११०, १२०, २२०, २४० लिहिलंय, खाच ११० वर आहे. फ्यूजवर बारीक अक्षरात टी ४ ए. वायर तीन पिनांची, पण मोठी पिन कापलेली आहे. कॉर्ड जरा कडक झालीये. आपल्याकडे २३० ना?

गरम_फिलामेंट
मघाशी मी मिनिटभर थांबा म्हणालो, ते सगळं मागे घेतो. ११० वर ठेवून २३० दिले असते तर दुप्पट व्होल्टेज गेलं असतं.

शांत_ओहम
सिलेक्टर २४० वर करा, प्लग काढलेला असताना. फ्यूजही बदला. व्होल्टेज दुप्पट तर करंट निम्मा, त्यामुळे ११० ला ४ अँपिअर असेल तर २४० ला साधारण २. पॅनेलवर छापलेला आकडा खरा, तो बघा. टी म्हणजे हळू उडणारा, तोच हवा. मोठा घालायचा नाही.
पिन अर्थची आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून कोणीतरी कापली असणार. आत काही सुटलं तर चॅसिसमध्ये, म्हणजे धातूच्या सांगाड्यात, करंट येईल, आणि तुमच्या गिटारच्या तारा चॅसिसलाच जोडलेल्या आहेत. नवी कॉर्ड बसवून घ्या, अर्थसकट.

जुना_रेडिओ
इतकी वर्षं पडून होता म्हणजे चार्ज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले असणार. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू वाढवत न्या, काही तास. मी रेडिओ असेच जागे केलेत.

गरम_फिलामेंट
व्हेरिअ‍ॅक कशाला, सिरीजमध्ये बल्ब पुरे. आत जीझेड३४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) असेल तर तो कमी व्होल्टेजवर तापतच नाही, कपॅसिटरला काही मिळतच नाही, मग एकदम सगळं मिळतं. दहा मिनिटांत बल्ब सांगतो ते व्हेरिअ‍ॅक चार तासांत सांगत नाही.

जुना_रेडिओ
माझ्याकडे डायोड रेक्टिफायरवाले होते. त्यांना व्हेरिअ‍ॅकच बरा.

शांत_ओहम
बल्ब करा. ६० वॅटचा, तारेचा, एलईडी नको. तो अ‍ॅम्पच्या फेजमध्ये. चारही पॉवर व्हॉल्व्ह काढून, स्पीकर जोडून. आधी नुसता पॉवर: बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्टँडबाय. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. अ‍ॅम्प उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४००-५०० व्होल्ट राहतात, आणि व्हॉल्व्ह काढलेले असले की ते रिकामे करायलाही कोणी नसतं.

बेसवाला
वायरचं मला खरंच माहीत नव्हतं. आज बदलतो.

सहावी_तार
करून बघितलं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने कॉर्ड बदलली, बल्बही त्यानेच लावला. सिलेक्टर २४०, फ्यूज टी २ ए, पॅनेलवरही तेच छापलंय. पॉवर दिल्यावर बल्ब चमकला आणि विझत आला. खूप आनंद झाला. मग स्टँडबाय उघडला तर बल्ब भक्क पेटला आणि तसाच राहिला. मी लगेच प्लग काढला. पाच सेकंद गेली असतील.

शांत_ओहम
छान केलंत. म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक आहे, दोष हाय व्होल्टेजच्या बाजूला आहे. पहिला फिल्टर कपॅसिटर बघायला सांगा.

सहावी_तार
टेक्निशियनकडून आत्ता आलो. पहिला फिल्टर कपॅसिटर पूर्ण शॉर्ट, बाकीचेही फुगलेत. सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलतोय. मामांना फोन केला, शेवटी वाजवला तेव्हा मोठी गुणगुण यायची म्हणाले. शनिवारी ट्रान्झिस्टरवालाच नेतो. परत आल्यावर तेच जुने ईएल३४ घालू का?

शांत_ओहम
घाला, पण बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहतो ते ठरवणारी जुळणी) मोजून. टेक्निशियनला सांगा की चार व्हॉल्व्ह घालून प्रत्येकाचा करंट वेगवेगळा बघ. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा खोलीतला दिवा मालवा आणि दहा मिनिटं व्हॉल्व्हकडे बघत बसा. मधली फिलामेंट नारिंगी असतेच. बाहेरची करडी प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद.